पावणेनऊ लाखांचा दाखला

मी एक उत्पन्नाचा दाखला बोलतोय. रद्द झालेला. कागल तालुक्यातल्या एका गावच्या चावडीत, तलाठ्याच्या लोखंडी कपाटात, फाईलमध्ये टाचून पडलोय. अंगावर लाल शाईची तिरकी रेघ आहे. तिचं मला काही वाटत नाही. लाज वाटते ती तिच्याखालच्या आकड्याची.

आमच्यात खोटे पुष्कळ. दारात चारचाकी उभी असणाऱ्याच्या दाखल्यावर साठ हजार छापलेले मी पाहिलेत. मी मात्र उलट्या बाजूनं खोटा. ज्याच्या नावानं मी निघालो तो सयाजी उचगावच्या एका फौंड्रीत रोजंदारीवर साचे भरायचा. घरी एक म्हैस, पंधरा गुंठे ऊस. सगळं मिळून वर्षाला एक लाख चाळीस हजार. आणि माझ्यावर छापलंय आठ लाख पंचाहत्तर हजार.

हे कसं झालं ते सांगताना आजही, कागद असून, मला घाम फुटतो.

सयाजीच्या पोरीचा, अनुजाचा, कोल्हापुरात चार वर्षांच्या इंजिनिअरिंगला नंबर लागला. फीमध्ये सवलत मिळवायला दाखला हवा होता. ती बाकीच्या कागदांच्या मागं होती, म्हणून म्हणाली, "पप्पा, तेवढा उत्पन्नाचा दाखला काढून आणा."

आमच्या चावडीची एक रीत आहे. तलाठी भाऊसाहेब उत्पन्न मोठ्यानं विचारतात आणि बाकावरचे सगळे ऐकतात. कुणी कमी सांगितलं तर गावच त्याला टोकेल, हा त्यामागचा विचार. त्या दिवशी बाकावर गणपतराव होता, सयाजीचा चुलतभाऊ. बांधावरून दोघांचा सहा वर्षं अबोला.

"बोला सयाजीराव, वर्षाचं किती?"

सयाजीनं तोंड उघडायच्या आत गणपतराव शेजारच्याला म्हणाला, "लिवा की पन्नास हजार. गरिबाला तेवढं बास झालं."

सगळा बाक हसला. सयाजीचे कान लाल झाले. "पावणेनऊ लाख," तो म्हणाला.

भाऊसाहेबांनी चष्मा वर केला. "इचार करून सांगा."

"लिवा म्हणतोय न्हवं. चार म्हशी हायत, दोन एकर ऊस हाय."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. सयाजीला तेवढ्यानं भागलं नाही. त्याला वाटलं, कागदाला काय, शिक्का असला म्हणजे झालं. भाऊसाहेबांनीही पुढं काही पाहिलं नाही. जास्त सांगणाऱ्याची चौकशी कोण करतं? आठवड्यानं मी तहसीलमधून छापून आलो.

अनुजानं मला दोनदा वाचलं. "पप्पा, ह्यो आकडा चुकलाय."

"व्हय. त्या भाऊसाहेबाचंच काम ते," सयाजी म्हणाला आणि म्हशीला वैरण टाकायला उठून गेला.

कॉलेजच्या खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडं पाहिलं, मग अनुजाच्या झिजलेल्या चपलांकडं. "आठ लाखांच्या वर सवलत नाही. सोमवारपर्यंत दुरुस्त करून आण, नाहीतर पूर्ण फी." मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं मिळतंय तर रांगेत कशाला उभारलीय?" तिनं मला ओढणीखाली घेतलं. पूर्ण फी म्हणजे कॉलेज सोडणं, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना घेऊन चावडीत आली. बाक भरला होता. गणपतरावही होता.

"भाऊसाहेब, तुमच्या चुकीनं माझं कॉलेज जातंय," अनुजा म्हणाली. "एवढा आकडा लिवताना आमचं घर तरी बघितलासा का?"

भाऊसाहेबांनी सयाजीकडं पाहिलं. मग मान खाली घालून म्हणाले, "व्हय बाळ, माझीच चूक."

परक्या माणसानं सयाजीची बेअब्रू स्वतःच्या अंगावर घेतली. मला तिथंच फाटून जावंसं वाटलं. भाऊसाहेबांनी कोरा अर्ज पुढं ओढला.

"त्येंची चूक न्हाय," सयाजी म्हणाला. "मीच सांगिटलं. लोक हसल्यालं सोसलं न्हाय मला." मग पोरीकडं न बघता म्हणाला, "एक लाख चाळीस हजार. एकच म्हस हाय. तीबी आटलीया."

कुणी हसलं नाही. अनुजानं वडिलांकडं पाहिलं नाही, ते मला फार लागलं. पंच म्हणून दोघांच्या सह्या हव्या होत्या. पहिली गणपतरावनं केली.

भाऊसाहेब स्वतः कागलला जाऊन बसले. सोमवारी दुपारी नवा दाखला निघाला आणि सवलत मिळाली. माझ्यावर रेघ आली.

पण दाखला वर्षभरच चालतो. यंदा जूनमध्ये बापलेक पुन्हा आले. अनुजा दारातच थांबली. बाक भरलेला पाहून भाऊसाहेब पुढं वाकले आणि हळू आवाजात म्हणाले, "सांगा, माझ्यापुरतं सांगा."

सयाजी उभाच राहिला. "न्हाय भाऊसाहेब. समद्यांस्नी इचारतासा तसं मोठ्यानं इचारा."

त्यांनी विचारलं. त्यानं बाकाकडं तोंड करून सांगितलं, एक लाख बावन्न हजार. अनुजा आत आली आणि वडिलांच्या शेजारी उभी राहिली.

भाऊसाहेब, आता तरी मला या फाईलमधून काढा आणि बंबात घाला. त्या माणसाला ह्याच टेबलाशी अजून दोनदा यायचंय.