टाकीतला विजेचा मासा

जया कोळवणच्या फार्महाऊसवर साफसफाई करायची. मालक कौस्तुभने काचेच्या टाकीत वाम माशासारखा लांबलचक परदेशी मासा आणला होता. टाकी पुसताना पाण्यात हात गेला आणि ती झटक्यानं मागं कोसळली.

"मासाच वीज सोडतो, मावशी," कौस्तुभ म्हणाला.

जयाला वाटलं, वायर उघडी असणार आणि हा खापर माशावर फोडतोय. तिनं मेन स्विच बंद केला, पंपाची वायर उपटली. मासा वर येऊन हवा पिऊन गेला. तिनं पुन्हा हात घातला. खांद्यापर्यंत मुंग्या आल्या.

"पटलं आता?"

"पटलं. पर परवाना हाय का ह्याचा? उद्या ओढ्यात सोडला तर? आमची गुरं तितंच पाणी पित्यात."

कौस्तुभ पंपाची वायर पुन्हा जोडायला वळला. परवाना नाही हे ओळखून जया तडक पोलीस पाटलाकडं निघाली.