मधल्या बोळीतली नऊ टिपाडं

लॅपटॉपच्या पडद्याच्या मधोमध तो पांढरा गोल गरगर फिरत होता. पंधरा मिनिटं अनसूया त्याच्याकडं बघत बसली होती आणि आता तिला त्याची शिसारी यायला लागली होती. पान उघडेना. उघडलं तर वरचा निळा पट्टा तेवढा दिसायचा, खाली सगळं कोरं. मेल्या, उघडायचंच नसेल तर पट्टा दाखवून आशा तरी कशाला लावतोस?

दुपारी चार वाजता तिचा नमुन्याचा तास होता. परदेशातल्या मराठी घरांमधल्या पोरांना नेटवरून मराठी शिकवायचं काम. चोपन्नाव्या वर्षी, आयुष्यात पहिल्यांदा, कुणीतरी तिला काम देऊ केलं होतं. बी.ए.चं सर्टिफिकेट तीस वर्षं ट्रंकेत साड्यांखाली पडलेलं. मुलगा मिहिर पुण्याला नोकरीला, त्यानं लॅपटॉप पाठवला, अर्ज भरून दिला. पहिला तास तिनं हॉलमधून दिला, तर समोर सहा मजली इमारत उठतेय, तिथल्या ब्रेकरनं तिचा एक शब्द पलीकडं पोचू दिला नाही. दुसरा तास मागच्या खोलीत दार लावून दिला, तर तिचं चित्रच गोठलं. तोंड उघडं ते उघडंच. पलीकडून तास तपासणाऱ्या बाईंनी कळवलं, आणखी एक संधी देतो, पण ही शेवटची.

ती शेवटची म्हणजे आजची.

"अहो, बघा ना जरा. सकाळपासून फिरतंय नुसतं," ती हॉलमध्ये जाऊन म्हणाली.

मुकुंद म्हणजे तिचा नवरा. कचेरीतून हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला, पण घरात अजून हेडक्लार्कच. तो राउटरसमोर स्टूल मांडून बसला. त्यानं राउटर बंद केला, शंभरपर्यंत आकडे मोजले, चालू केला. धोतराच्या जुन्या फडक्यानं पुसला. त्याच्या अँटेनाच्या दोन्ही कांड्या आधी उभ्या केल्या, मग आडव्या. कंपनीच्या नंबरला फोन लावला, तिकडची पोरगी म्हणाली बंद करून चालू करा, तर तिच्यावर खेकसला. मग सगळं करून झाल्यावर गुन्हेगार शोधायला लागला.

"तुझ्या मोबाइलवर ते पाककृतींचे व्हिडिओ चालू असणार."

"मोबाइल बंद आहे माझा."

"मग शेजारचे चोरतायत. तो इंद्रजीत. रात्रंदिवस मान खाली घालून बसलेला असतो फोनमध्ये. नेट कुणाचं? आपलं. लोकांना फुकट पाहिजे सगळं, लाजच नाही राहिली."

आणि त्यानं पासवर्ड बदलला. चोराला चांगली अद्दल घडवली अशा तोऱ्यात उठला आणि चहा टाक म्हणून खूण केली. पान तरीही उघडलं नाही ते नाहीच.

नेमकी तेव्हाच त्या इंद्रजीतची आई दारात आली. वच्छलाबाई. भिंतीला भिंत लागून घर, माणसं शेतीतली, गावाकडची विहीर आटली म्हणून तीन वर्षांपासून इथं पडेगावात. सून मोनिका बाळंत होऊन बारा दिवस झालेले. वच्छलाबाईच्या कमरेला रिकामा हंडा होता.

"वहिनी, दोन हंडे पानी मिळंल का? टँकर आला नाय. नळाला तर आज नववा दिस हाय. बाळंतिणीला अन् लेकराला न्हाऊ घालायचंय, लई वंगाळ वाटतंय बघा मागायला."

अनसूयानं तोंड उघडलं. पण तिच्या आधी आतून मुकुंद बाहेर आला.

"नाही हो वच्छलाबाई, आमच्याकडंच ठणठणाट आहे. आम्हीच कालपासून पुरवून पुरवून वापरतोय," तो इतक्या गोड आवाजात म्हणाला की अनसूयाच्या अंगावर काटा आला.

वच्छलाबाई तिच्याकडं बघत राहिली. अनसूयानं मान हलवली. हो, नाहीच आहे, अशी. खोटं बोलायला तोंडही उघडावं लागलं नाही. वच्छलाबाई "बरं, बरं" म्हणत गेली.

खरं काय होतं ते सांगायला हवं. हॉल आणि मागची खोली यांच्या मध्ये एक बोळ होती, आणि त्या बोळीत दोनशे लिटरची नऊ टिपाडं उभी होती. निळी, झाकणबंद, गळ्यापर्यंत भरलेली. त्यांच्यावर लोखंडी मांडणी, मांडणीवर छतापर्यंत पन्नास-पन्नास लिटरचे कॅन. वरून जुन्या चादरीचा पडदा, म्हणजे आल्यागेल्याला दिसायला नको. जायकवाडीच्या पाणीसाठ्याचा आकडा पेपरात खाली उतरला की मुकुंदचं एक टिपाड वाढायचं. अनसूया अंग चोरून, आडवी होऊन त्या बोळीतून ये-जा करायची. पुढच्या टिपाडांतलं पाणी वापरायचं, मागच्यांना हात लावायचा नाही. ती राखीव. कशासाठी राखीव, हे तिनं एकदा विचारलं होतं. "वेळप्रसंगाला," तो म्हणाला होता. शेजारी बारा दिवसांचं लेकरू बिनअंघोळीचं होतं आणि ह्या माणसाचा वेळप्रसंग अजून यायचाच होता! तिला त्याचा वीट आला. त्याच्या त्या गोड आवाजाचा जास्त.

अडीच वाजता नेटवाला आला. कडुबा. पूर्वी केबलची वायर गच्च्यांवरून ओढायचा, आता फायबरची ओढतो. पन्नाशीचा, अघळपघळ माणूस. त्यानं आधी हॉलमध्ये स्वतःच्या फोनवर पान उघडून बघितलं. फटकन उघडलं.

"हितं तर पळतंय की घोड्यावानी. ताई, अडतंय कुठं?"

"मागच्या खोलीत."

कडुबा फोन हातात धरून मागं निघाला. बोळीच्या तोंडाशी त्यानं पडदा बाजूला सारला आणि तसाच उभा राहिला. एकदा टिपाडांकडं बघितलं, एकदा वर कॅनांकडं. आडवा होऊन पलीकडं गेला, तिथून हसण्याचा आवाज आला.

"गोल फिरायलाय हितं. साहेब, ह्यो काय तलाव बांधला का घरात?"

"पाण्याचा आणि नेटचा काय संबंध?" मुकुंद म्हणाला.

"अहो, पानी रेंज पितंय! भिंतीतून येतंय थोडंफार, पन एवढ्या पान्यातून नाय येत. तुमी राउटर अन् खोलीच्या मधी धरणच घातलंय. चोर नाय, बिर नाय, ह्योच तुमचा चोर."

अनसूयानं विचारलं, राउटर मागं नेता येईल का. वायर पुरत नव्हती, वाढवायला जोडणीचं मशीन लागतं आणि ते उद्या मिळणार. लॅपटॉपला सरळ वायर लावावी तर मिहिरनं पाठवलेल्या त्या चपट्या लॅपटॉपला वायरीचं भोकच नाही. हॉलमध्ये ब्रेकर चालूच. मोबाइलला मागच्या खोलीत रेंजची एक काडी, तीही असली तर.

"मग टिपाडं हलवा," ती म्हणाली.

"भरलेलं टिपाड कुनाच्या बापाला हलायचं नाय, ताई. मधली सहा तरी रिती करा, अन् वरचे कॅन काढा. मग बघा कसं पळतंय."

घड्याळात पावणेतीन. अनसूयानं पदर खोचला.

"वेड लागलंय का तुला?" मुकुंद तिच्या आडवा आला. "एका तासापायी बाराशे लिटर पाणी? त्या चार पोरांना अ आ ई शिकवून तू काय कलेक्टर होणार आहेस?"

"बाजूला व्हा."

त्यानं तिच्या डोळ्यांत बघितलं आणि बाजूला झाला. पण मग तो जे बोलला ते तिला जन्मात विसरता येणार नाही. आवाज खाली घेऊन, कडुबाला ऐकू जाऊ नये असा, तो म्हणाला, "बरं, कर रितं. पण मागच्या दारानं, गटारीत सोड पाइपनं. पुढून नको. गल्लीला कळलं आपल्याकडं इतकं होतं, तर सकाळी नाही म्हटलेलं, आता काय तोंड दाखवायचं?"

गटारीत! लोक भाजी धुतलेलं पाणी पुन्हा झाडाला, आंघोळीचं पुन्हा संडासाला वापरतायत, आणि हा चांगलं पाणी गटारीत सोडायला तयार, का तर अब्रू. तीस वर्षं ह्या माणसाला वाढलं, ह्याच्या शर्टाच्या कॉलरी घासल्या. थू.

ती सरळ पुढच्या दारात गेली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली, "हंडे घेऊन या गं! पाणी आहे! ज्याला पाहिजे त्यानं यावं, लवकर या!"

पाच मिनिटांत दारात घागरी, बादल्या, तेलाचे डबे, पोरांचे टब. कडुबानं पाइप तोंडानं ओढून धार सुरू करून दिली. अनसूया एकेक झाकण काढत होती आणि बायका हातोहात भरत होत्या. तिला फार बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगायचं. "घ्या, घ्या, लागेल तेवढं घ्या," ती म्हणत होती. कुणी म्हणालं, लई पुण्य लागंल बाई तुम्हाला, तेही तिला गोड लागलं. मुकुंद खोलीत जाऊन बसला होता तोंड लपवून, त्याचं तर तिला आणखीच गोड लागलं.

पाचव्या टिपाडाचं झाकण उघडलं तसा भपकारा आला. मागच्या रांगेतलं, राखीव. वर हिरवी साय, आणि सायीखाली अळ्या, असंख्य, वळवळणाऱ्या. सहावंही तसंच. कडुबानं पाइप तोंडाजवळ नेलेला तसाच फेकला आणि अंगणात जाऊन थुंकला. बायका नाकाला पदर लावून मागं सरल्या.

"वरचं काढून टाकलं की खालचं चांगलं असतं," मुकुंद खोलीतून म्हणाला.

ती दोन टिपाडं शेवटी आडवी करून मागच्या गटारीतच सोडावी लागली. त्या घाणीचे शिंतोडे अनसूयाच्या पायांवर, साडीवर उडाले. तिनं पाय धुतले, साडी बदलली, वास मात्र नाकातून जाईना.

पावणेचार झाले. बोळ मोकळी झाली होती. मागच्या खोलीत लॅपटॉप उघडला, आणि पान आलं. पट्टा, चित्र, अक्षरं, सगळं एका दमात. अनसूयाच्या डोळ्यांत पाणीच आलं. तास गाठला. आता काही अडणार नाही.

ती पुढचं दार लावायला गेली तर पायरीवर वच्छलाबाई. सगळ्यांच्या मागून आली होती. हंडा रिकामाच होता.

"अगं बाई, तुम्ही कुठं होता? या, या. कॅनमधलं आहे अजून, ताजं आहे, परवाच्या टँकरचं. बाळासाठी म्हणून ठेवलं मी," अनसूया म्हणाली. तसं तिनं काही ठेवलं नव्हतं, पण म्हणताना तिला ते खरंच वाटलं.

तिनं स्वतः कॅन उचलला, स्वतः हंडा भरून दिला. वच्छलाबाईनं हंडा कमरेवर घेतला. पाणी नाकारण्याइतका ताठा तिला परवडणारा नव्हता, घरी लेकरू होतं. तिनं मोकळ्या बोळीकडं बघितलं, रित्या टिपाडांकडं बघितलं.

"कडुबानं सांगितलं समदं," ती शांतपणे म्हणाली. "एक इचारू का वहिनी?"

"विचारा की."

"नेट नीट चाललं असतं, तर दिलं असतं का?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं तिनं विचारलं. अनसूयानं घड्याळाकडं बघितलं. वच्छलाबाई वळली आणि हंडा हिंदकळू न देता सावकाश आपल्या घराकडं गेली.

चारला दोन मिनिटं कमी असताना अनसूया लॅपटॉपसमोर बसली. ठीक चार वाजता पडद्यावर त्या बाई आल्या, शेजारच्या चौकटीत दोन वेण्या घातलेली एक मुलगी.

"अरे वा, आज किती स्वच्छ दिसताय तुम्ही," बाई म्हणाल्या. "चला, आधी मुलीला तुमच्याबद्दल सांगा. तुम्ही कोण, कशा आहात."

अनसूयानं सांगितलं. घरची माणसं सांगितली, गाव सांगितलं, आपल्याकडं शेजारधर्म कसा असतो तेही सांगितलं. एकदासुद्धा अडखळली नाही. एकदासुद्धा चित्र गोठलं नाही. वरच्या कोपऱ्यातल्या लहानशा चौकटीत तिला तिचं स्वतःचं तोंड दिसत होतं, हसरं, आर्जवी. बोलता बोलता तिला तो आवाज ओळखू आला. सकाळी दारात ऐकलेला, तसाच गोड. तिला स्वतःची किळस आली, आणि ती बोलत राहिली.

"छान," बाई म्हणाल्या. "काम तुमचं. सोमवारपासून सुरू करा."