काकांची गाडी नापास झाली तेव्हा

गाडी तपासणीत नापास झाली म्हणून हलवा वाटणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझा सासरा निघाला.

हुवैशिलकाका त्या दिवशी दुपार कलल्यावर तपासणीहून परतले. आमच्यात सासऱ्याला काका म्हणतात आणि सासूला आत्या. घर बिदिया गावाच्या बाहेर, डांबर संपून वाळू सुरू होते तिथे. काकांनी गाडी घाफच्या झाडाखाली लावली, म्हणजे पहिल्या खेपेला ती झाडाच्या डावीकडे गेली, दुसऱ्या खेपेला उजवीकडे, आणि तिसऱ्या खेपेला झाडालाच दया आली असावी. मग हातात केशरी हलव्याचं भांडं घेऊन काका उतरले आणि त्यांनी शेजारच्या हमदानला हाक मारली.

"पास झाली वाटतं गाडी?" हमदानने बोटं चाटत विचारलं. त्याचं कोपऱ्यावर गवताचं दुकान आहे. कुठे काही वाटलं जात असेल तर त्याला वास लागतो.

"नापास! साफ नापास!" काका म्हणाले. चेहरा असा, की जणू त्यांच्या उंटिणीने शर्यत मारली होती.

"मग हा हलवा?"

"खा की गपचूप. विचारतोस कशाला?"

आत्या दारात उभ्या होत्या. त्यांचं नाव सलूमा. दोघं चुलत भावंडं, लहानपणी एकाच बुधल्यातलं ताक प्यायलेली, त्यामुळे लग्नाला बेचाळीस वर्षं झाली तरी अरे-तुरे सुटलेलं नाही. आत्यांनी कमरेवर हात ठेवले. "हुवैशिल, डोक्याला ऊन लागलं का तुझ्या?"

"अगं, तपासणीवाल्या पोराने स्टिअरिंग धरलं. पाव चक्कर इकडे फिरवलं, पाव चक्कर तिकडे. बाहेर चाकं जागची हलेनात. मला म्हणतो, काका, हे स्टिअरिंग आहे की जपमाळ? नुसतीच फिरतेय." काका स्वतःच खो खो हसले. "पंधरा दिवसांत दुरुस्त करून आणा म्हणाला. दोष गाडीत आहे, सलूमा! गाडीत!"

ते शेवटचे दोन शब्द त्यांनी असे उच्चारले, की माझ्या मनात पाल चुकचुकली.

वर्षभरापासून काकांचं चालवणं बिघडलं होतं. ती चोवीस वर्षांची पांढरी फोर-व्हील पिकअप वाळूत घातली की वाघीण. टेकाड चढताना, उतरताना काकांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. पण डांबरावर आली, की गाडी रस्त्याच्या दोन्ही कडा हुंगत चालायची. काका सारखे हात हलवत राहायचे, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, कणीक मळल्यासारखे. विचारलं की म्हणायचे, वारा आहे. वारा नसला, तर समोरून ट्रक गेला. ट्रकही नसला, तर रस्ता करणाऱ्यानेच तिरका केलाय. पुढे पुढे तर ते मोठ्या रस्त्याला जाईनासेच झाले. "रैया, तू छान चालवतेस, तूच जा तुझ्या गाडीने," असं म्हणून बाजाराची यादी माझ्या हातात देऊ लागले. माझा नवरा सनद सोहारच्या बंदरात कामाला, आठवड्यातून एकदा येतो. तेव्हा सासऱ्यांनी सुनेचं एवढं कौतुक करावं याचं मला बरंच वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी फर्मान काढलं. "वर्कशॉपला नंतर. आधी मला बघू दे कुठे ढिलं आहे ते."

"तुला काय कळतं त्यातलं?"

"उंटीण लंगडली की कुठल्या सांध्यात दुखतंय ते हात लावून कोण सांगतं? तू?"

आत्यांनी झाडाखाली घोंगडी अंथरली, बुरख्याची टोकं मागे बांधली आणि सरळ गाडीखाली शिरल्या. बाहेर फक्त पाय राहिले. काका इंजिन बंद ठेवून आत बसले. मी मध्ये, दुभाषी म्हणून.

"हलव!" खालून आवाज.

"हलवतोय!"

"मग कळत कसं नाही मला?"

"तेच तर दुखणं आहे ना!"

"जास्त हलवू नकोस रे! हळू. डावी-उजवी, डावी-उजवी. पाळणा हलवतात तसं."

"सनदच्या वेळी पाळणा हलवून हात मोडले होते माझे."

"खोटारडा! एक रात्र हलवला असशील." आत्या एकेका सांध्यावर तळवा ठेवून बघत होत्या. "थांब. आता हलव. हां... हा बघ, हा ठोका देतोय. एक दांडा हलतोय आणि त्याच्या टोकाला जोडलेला दुसरा झोपलेलाच आहे. तो जागा होईपर्यंत तुझी पाव चक्कर संपते. रैया, खडू आण."

खडू कुठला, मी चुलीतला कोळसा दिला. तासाभराने आत्या बाहेर आल्या तेव्हा तीन ठिकाणी काळ्या खुणा होत्या: आडव्या दांड्याची दोन्ही टोकं, आणि एक्सलला धरून ठेवणाऱ्या दांड्यातलं रबर, ज्याचा आता नुसता भुगा उरला होता. आत्यांच्या नाकावरही एक खूण होती, पण ती सांगायची हिंमत आम्हा दोघांत नव्हती.

वर्कशॉप दिलमुराद बलोचाचं. त्याने गाडी उचलली, खुणा पाहिल्या, आणि आपल्या हाताने तपासल्या. एकही चुकली नव्हती.

"उम्म सनद, माझ्याकडे कामाला या," तो म्हणाला. आमच्याकडे आईबापांना मुलाच्या नावाने हाक मारतात: आत्या उम्म सनद, म्हणजे सनदची आई, आणि काका अबू सनद.

"तुझ्याकडचा चहा प्यायलेय मी. नको."

दिलमुरादने दोन्ही टोकं बदलली, रबर बदललं, स्टिअरिंगच्या पेटीवरचा स्क्रू इतका जपून आवळला, की जणू कुणाचा कान पिळतोय आणि दुखू द्यायचा नाहीये. जास्त आवळला की स्टिअरिंग जड होतं आणि सरळ परत येत नाही, म्हणाला. मग चाकांची दिशा लावून घेतली. दुपारपर्यंत गाडी तयार. काकांनी स्टिअरिंगला बोटभर धक्का दिला आणि पुढची चाकं तेवढीच, बोटभर वळली. काकांनी पुन्हा दिला. पुन्हा वळली. ते एवढे खूश झाले, की त्यांनी दिलमुरादच्या कपाळाचं चुंबन घेतलं.

आत्या शेजारी बसल्या, मी माझ्या गाडीने मागून निघाले. म्हणून पुढचं सगळं मी डोळ्यांनी पाहिलं.

वर्कशॉपच्या फाटकातून बाहेर पडताच पिकअप डावीकडे झेपावली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. आधी ती हुंगत चालायची. आता शिंकत चालली होती. किराणा दुकानापाशी एका फळवाल्याने टरबुजासकट उडी मारली. काका रस्त्यावरून नागमोडी जात कसेबसे आमच्या कोपऱ्यापर्यंत आले, आणि तिथे हमदानच्या गवताच्या भाऱ्यांच्या राशीत गाडी अर्धी शिरली. लागलं कुणालाच नाही. गवत मऊ असतं. हमदान मात्र बाहेर येऊन म्हणाला, "अबू सनद, दुकान इकडून आहे. तिकडून गोदाम."

एरवी काकांनी त्याला दोन सुनावल्या असत्या. आज ते गाडीतून उतरले, किल्ली आत्यांच्या हातात ठेवली आणि पायी घरी निघून गेले.

आत्या मला म्हणाल्या, "तू चालव बघू." मी त्या गाडीला आजवर हात लावला नव्हता. भाऱ्यांतून मागे काढली, मोठ्या रस्त्यावर नेली. ओळंब्यासारखी सरळ. मी एक हात सोडला, तरी सरळ. परत येऊन मी उत्साहाने काकांना सांगितलं, "गाडी एकदम ठीक झालीय काका!" सांगून झाल्यावर कळलं, की हे सांगायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते कहव्यालाही बाहेर आले नाहीत. आत्यांनी मला किटली घेऊन बैठकीत पाठवलं आणि मागोमाग त्याही आल्या. काका भिंतीला टेकून बसले होते, दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून.

"पिकअप विकून टाकू," ते म्हणाले.

"का?"

"रैयाच्या हातात सरळ जाते ना? मग दोष कुठे आहे ते कळलं." मग खाली बघत हळूहळू बोलले. "वर्षभर मला वाटत होतं, माझेच हात गेले. नजर गेली असेल. बापाचीही गेली होती माझ्या वयात. दिलमुरादकडे न्यायची भीती वाटायची. तो म्हणाला असता, अबू सनद, गाडीत काही नाही, तर मग काय राहिलं? त्या पोराने नापास केलं तेव्हा वाटलं, अल्लाने माझे हात परत दिले. आणि आता बघ. गाडी शहाणी झाली आणि मी वाकडाच."

मी कहवा ओतायची थांबले. वर्षभर हा माणूस वाऱ्यावर आणि ट्रकांवर खापर फोडत होता, आणि मला वाटत होतं सुनेचं कौतुक चाललंय.

आत्या म्हणाल्या, "ऊठ."

"कशाला?"

"ऊठ म्हणते ना!"

घरामागे वाळू आणि डांबर यांच्या मधे खड्यांचं सपाट माळरान आहे, नजर पोचेल तिथवर एक झुडूप नाही. आत्यांनी काकांना शेजारी बसवलं, मला मागे, आणि स्वतः स्टिअरिंगवर बसल्या. परवाना त्यांच्याकडे कधीच नव्हता. वाळूत कोण मागतो? उंटांना गवत न्यायला, पाणी आणायला ही पिकअप त्यांनीही काकांइतकीच वर्षं चालवली होती.

"समोर तो दगड दिसतोय? त्याच्याकडे सरळ नेते." आणि गाडी सोडली.

दगड राहिला बाजूला. पिकअप डावीकडे गेली, आत्यांनी कचकन उजवीकडे ओढली, ती उजवीकडे गेली. मागे माझं डोकं दोनदा काचेवर आपटलं. काका ओरडले, "अगं ए! मारतेस का!" शंभरेक पावलांवर आत्यांनी ब्रेक मारला, धूळ आमच्या पुढे निघून गेली, आणि त्या स्टिअरिंगवर डोकं टेकून हसू लागल्या.

"हुवैशिल, आता सांग. माझेपण हात गेले का?"

काकांनी मागे वळून चाकांच्या नागमोडी खुणा पाहिल्या.

"आपण दोघांनी या म्हातारीला कितीतरी वर्षं जास्त जास्त ओढून चालवलं. ती ढिली पडत गेली, तसे आपले हात लांब होत गेले. आता ती बोटाने वळते आणि आपण कोपराने ओढतोय. रैयाला ती सवय नाही, म्हणून ती सरळ गेली. उंटाच्या पायातली दोरी सोडली, तरी दोन दिवस तो आखूड पावलंच टाकतो. त्याला पांगळा म्हणतोस का तू?"

काका उतरले, वळसा घालून आले आणि आत्यांच्या दाराशी उभे राहिले. "सरक."

त्या सकाळपासून पाच दिवस आमच्या माळावर शाळा भरली. उजाडता उजाडता निघायचं. पहिल्या दिवशी आत्यांनी मांडीवर ताकाचं काठोकाठ भरलेलं भांडं घेतलं. "सांडलं तर तुला धुवायला लावीन हे."

"अगं, निदान अर्धं तरी भर!"

"अर्ध्या भांड्याला कोण घाबरतं?"

पहिल्या दिवशी ताक आत्यांच्या कपड्यांवर, सीटवर, माझ्या चपलेत. दुसऱ्या दिवशी निम्मं. काका ओठ चावत, दोन बोटांनी स्टिअरिंग धरून, श्वास रोखून चालवायचे. "श्वास घे रे," आत्या म्हणायच्या, "गाडीच्या आधी तू बंद पडशील." तिसऱ्या दिवशी बातमी पसरली आणि हमदान खुर्ची घेऊन बघायला आला. काकांनी त्याच्या खुर्चीभोवती असं नेमकं वर्तुळ घेतलं, की त्याला पाय वर उचलून बसावं लागलं. पाचव्या दिवशी भांड्यातला थेंबही हलला नाही. मग आत्यांनीच ते तोंडाला लावलं आणि अर्धं पिऊन काकांच्या हातात दिलं.

तपासणीला मी बरोबर गेले होते. तोच पोरगा होता. त्याने स्टिअरिंगला जरासा धक्का दिला, वाकून चाकांकडे पाहिलं, पुन्हा दिला. मग काकांना म्हणाला, "आता तुम्ही चालवून दाखवा." काका पिवळ्या पट्ट्यावरून टोकापर्यंत गेले आणि परत आले, चाक पट्ट्याबाहेर न जाऊ देता. पोराने शिक्का मारला. "कुणी दुरुस्त केली, काका?"

"गाडी दिलमुरादने," काका म्हणाले. "मला माझ्या बायकोने."

पोराला ते काही समजलं नाही. त्याने पुढची गाडी बोलावली.

शुक्रवारी सनद घरी होता. काकांनी सगळ्यांना पिकअपमध्ये कोंबलं आणि ताजी मासळी आणायला समुद्रकाठच्या सूरला निघाले, मोठ्या रस्त्याने, वर्षभरात पहिल्यांदा. ताशी साठच्या पुढे म्हणून गेले नाहीत. मागे ट्रकांची रांग लागली, कुणी हॉर्न वाजवत होतं, कुणी दिवे दाखवत होतं. सनद म्हणाला, "बाबा, जरा जोरात."

"हळू बोल," काका म्हणाले. "तुझी आई झोपलीय."

शेजारच्या सीटवर आत्या खरंच झोपल्या होत्या, डोकं खिडकीला टेकून, तोंड उघडं टाकून.