पायावर पाणी

समजा, कापडगिरणीत विषारी वायू सुटला.

राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, त्याच्या दुसऱ्या वर्षी शनवारा वेशीजवळच्या दवाखान्यात हा सराव सुरू झाला. नियम साधा. ज्याच्या अंगावर विष पडलं त्याचे कपडे फाटकाबाहेर उतरवायचे, साबणानं आंघोळ घालायची, मगच आत घ्यायचं.

पुरुष चड्डीवर उभे राहिले. हसले. भिजले.

मग बाया.

"साहेब, आडोसा?" नर्स कमलनं विचारलं.

"सरावच तर आहे. हो गया मान लो," दवाखान्याचे मोठे डॉक्टरसाहेब म्हणाले.

फाटकावरचा शिपाई चुडामण भला माणूस. काहीच न करता बाया आत कशा सोडायच्या? त्यानं तांब्या भरला आणि घरी आलेल्या पाहुणीच्या घालावं तसं एकेकीच्या पायावर पाणी घातलं.

"या बाई, झाल्या शुद्ध!"

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या प्रत्येक सरावात तेच.

समजा नव्हे. खरंच.

जसोंडी गावची धुरपदा. कपाशीवर फवारायच्या नव्या औषधाचा डबा तिच्या अंगावर उलटला. सासू गोदाबाईनं तिला बैलगाडीत घालून आणली. लुगडं ओलंचिंब, तोंडाला फेस.

कमल धावली. निऱ्यांना हात घातला. फाटकाशी बाजाराची गर्दी.

"हात काढ व पोरी! भर रस्त्यात माझ्या सुनेला उघडी करते?"

"विष लुगड्यातच आहे, आजी!"

"माझ्या फाटकावर बाईची अब्रू नाही जाणार," चुडामण म्हणाला. त्यानं धुरपदाच्या पायावर पाणी घातलं. नीट, दोन्ही घोट्यांवर. फाटक उघडलं.

आत पुरुषांनी भरलेला वॉर्ड. पडदा धुवायला गेलेला. तो मिळून लुगडं सुटेपर्यंत विष अंगात मुरलं होतं.

दिवेलागणीला धुरपदा गेली.

समजा, पुन्हा वायू सुटला.

त्या सरावाला गोदाबाई आली. काखेत धुरपदाचं सणाचं लुगडं.

"हे बांधा आडोशाला. नऊवारी आहे. पुरेल."

चुडामणनं ते फाटकापासून निंबापर्यंत बांधलं. गाठ त्याला दोनदा मारावी लागली.

साहेब आले.

"ये क्या तमाशा है? कलेक्टर साहब आनेवाले हैं. निकालो."

निघालं. गोदाबाईनं घडी घातली.

रांगेतल्या पहिल्या बाईनं आपणहून पाय पुढे केला. चुडामण तांब्याकडे बघत राहिला.

"अरे, डालो पानी!"

त्यानं घातलं. पाणी वाहत गोदाबाईच्या पायापर्यंत आलं. ती मागे सरली.