पिवळ्या कागदाचा उजेड

मोरीच्या कठड्यावरून बॅटरी खाली पडली, तेव्हा बॅटरीपेक्षा कडुबा आबांचाच आवाज मोठा झाला.

"गेली! गेली माझी बॅटरी!"

त्यांची लेक निशा कणकेच्या हातानं धावत आली. तिला वाटलं, आबाच पडले. आबा भिंतीला धरून उभे होते आणि बॅटरी फरशीवर काच तडकून पडली होती.

"कठडा कुठं गेला गं? इथंच तर व्हता."

कठडा होता तिथंच होता. निशानं बॅटरी उचलली. बटण दाबून पाहिलं. टक्क वाजलं, उजेड काही पडला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला होता. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली किती टिकेल ते सांगता येत नाही, म्हणाले. त्या दिवसापासून आबांनी एकच धोशा लावला होता. एकदा अजिंठ्याला न्या. लेण्यातलं मायलेकराचं चित्र डोळे आहेत तोवर एकदा बघू द्या. सगळी हयात त्यांनी फर्दापुरात काढली आणि लेण्यांत येणाऱ्या पाहुण्यांना बॅटरी धरून चित्रं दाखवली. आता ते लेकीकडे, शहरात, सिडकोतल्या दोन खोल्यांत राहत होते. चित्र मात्र त्यांना या बॅटरीशिवाय दुसऱ्या कुठल्या उजेडात बघायचं नव्हतं.

"मोबाईलची बॅटरी आहे की, आबा."

"त्यो उजेड व्हय? त्यो तर पोलिसावानी अंगावर येतो."

शहागंजातल्या दुकानदारानं बॅटरी उघडून तिच्या पोटात डोकावून पाहिलं आणि मान हलवली.

"इसमें बचा क्या है, ताई? सेल फूल गया, प्लेट जल गई. नई लेके जाव ना."

"नळी हीच पाहिजे."

"नळी के वास्ते इतनी मगजमारी?"

निशानं नळी त्याच्यापुढं धरली. आबांचा अंगठा जिथं टेकायचा, तिथला काळा रंग उडून आतला पांढरा धातू गुळगुळीत झाला होता. दुकानदारानं त्या जागेवर आपला अंगठा ठेवून पाहिला. मग खालचं खोकं ओढलं आणि मापाची प्लेट, सेल, काच हुडकत बसला. बटण तेवढं जुनंच राहू द्या, म्हणाला, अजून दणकट वाजतंय.

घरी येऊन तिनं ओट्यावर पेपर पसरला. वाळूजच्या कंपनीत ती दिवसभर हेच करायची, तारांना कथलाचा डाग द्यायचं काम. तिचा जोड कधी तपासणीतून परत आला नव्हता, आणि या गोष्टीचा तिला जरा जास्तच अभिमान होता. जुनी प्लेट उपसली, नवी बसवली, दोन तारांना डाग दिला. तडकलेल्या काचेला आतून पिवळा मळ चिकटला होता. ती काच तिनं कचऱ्यात टाकली, नवी लख्ख काच बसवली आणि बटण दाबलं.

टक्क.

"लागली!" बाजेवरून आबा म्हणाले. "आन इकडं."

त्यांनी नळी चाचपली. अंगठा आपल्या जागी बसला. मग बोट काचेवर फिरलं आणि थांबलं.

"कागद कुठंय?"

"कुठला कागद?"

"काचंच्या आतून पिवळा कागद व्हता."

"तो कागद होता? मला वाटलं मळ बसलाय."

"मळ!" आबा कपाळाला हात लावून हसले. "कंपनीतली शाणी माझी! अगं, पांढरा उजेड रंगाला खातो. मालकानं नाय, सायबानं नाय, मी माझ्या अकलेनं लावला व्हता त्यो. चित्राला कसं, झोपल्या लेकराला जागं करतात तसं जागं करावं लागतं."

कचऱ्यातून काच काढली, पण सोलताना कागदाचा भुगा झाला. निशानं घरभर शोधाशोध केली. शेवटी मिठाईच्या खोक्यावरचा पिवळा जिलेटीनचा कागद सापडला. वाटीनं गोल आखून तिनं तो कापला आणि काचेच्या आतून चिकटवला. उजेड हळदीच्या पाण्यासारखा मऊ झाला.

"आता कसाय?"

"आता झ्याक," आबा म्हणाले. बॅटरी तेव्हा तिनं त्यांच्या पाठीमागच्या भिंतीवर धरली होती. हे तिच्या ध्यानात आलं, पण तिनं ते ध्यानात ठेवलं नाही.

रविवारी एसटीनं दोघं फर्दापूरला उतरले. लेण्यांच्या पायऱ्या आबा तिच्या खांद्यावर हात ठेवून चढले. वर पहाऱ्यावर सांडू होता, आबांच्या बरोबरीचा.

"जय भीम, कडुबा! आज तिकीट काढून आला व्हय?"

"लेकीनं काढलं. तिनं आतून कधी पाहिलंच नाय."

खरंच होतं ते. लहानपणी निशा खाली पायथ्याशी चमकणारे दगड विकायला बसायची. आबा रोज वर जायचे आणि जगाला चित्रं दाखवून संध्याकाळी घरी यायचे. आपल्या घरातलीच वस्तू, कधीही बघू, असं वाटून ते राहूनच गेलं.

लेण्यात मंद दिवे होते, पण त्या कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आधीच ते दमत होते. आबांनी तिला पावलानं माप घेऊन उभं केलं.

"समोरून मारू नको. खालून धर, डाव्या अंगानं. लाव."

टक्क. पिवळा उजेड भिंतीवर चढू लागला. आधी एक मोठं पाऊल दिसलं, मग अंगावरच्या चीवराची कड. तेवढ्यात तिनं नळी जरा तिरकी केली आणि उजेड गेला. बटण तसंच दाबलेलं होतं. तिचाच जोड सुटला होता.

ती "आबा" म्हणणार, तोच ते बोलले.

"थोडं वर घे. हां, बास. आता हलू नको."

निशाचा हात होता तिथंच राहिला.

"बग, बुद्ध केवढे मोठे. किती वर्सांनी घरी आलेत, हातात भिक्षापात्र हाय. आन समोर यशोधरा, केवढीशी. तिनं राहुलला पुढं केलंय. तिचा हात बग त्याच्या पाठीवर. ढकलती पन हाय आन धरून पन हाय. दिसतंय का?"

"दिसतंय," निशा म्हणाली.

डोळे अंधाराला सरावले, तसं एक लहान तोंड वर पाहत असलेलं तिला खरंच दिसू लागलं. आबा तिकडं पाहत नव्हते. त्यांची मान चित्राच्या पलीकडं, कोऱ्या दगडाकडं वळलेली होती आणि चेहऱ्यावर सगळं पाहिल्याचं सुख होतं. मोरीचा कठडा, सदऱ्याच्या उलट्यासुलट्या लावलेल्या गुंड्या, कपाची कड चाचपणारं बोट, घरात रोज पाहिलेलं सगळं एकदमच तिच्या अंगावर आलं. नजर आता जाणार नव्हती. ती केव्हाच गेली होती.

"तुम्हाला नीट दिसलं ना, आबा?"

"व्हय तर. तू बॅटरी चांगली केलीस."

मग आबा हात जोडून म्हणाले, "बंद कर आता. उगा सेल उतरंल."

निशानं बॅटरी त्यांच्या कानाच्या जवळ आणली आणि त्यांना नीट ऐकू जाईल असं बटण दाबलं.

टक्क.