रेलिक्ट घराण्याच्या बायका

व्हिट ॲम्सडेन एकदा तरी सगळ्यांसमोर तोंडघशी पडावा, ही माझी तीन वर्षांपासूनची इच्छा होती. आमच्या कॉलेजात इतिहासाला आम्ही मोजून पाच जण. एका लांबट टेबलाभोवती बसतो, त्यामुळे कुणाचा शहाणपणा टाळायची सोयच नाही. मी एकदा बोलण्याच्या ओघात एका लढाईचं साल चुकले, तर या गृहस्थाने हात वर केला, आधी माफी मागितली आणि मग हसत हसत ते दुरुस्त केलं. दुरुस्त केलं त्याचं एक वेळ चाललं असतं. माफी मागितली त्याने माझं डोकं फिरलं.

म्हणून मार्चमध्ये, बर्फ वितळून व्हरमाँटभर चिखल झाला होता तेव्हा, तो मला कॉलेजमागच्या जुन्या दफनभूमीत घेऊन गेला आणि मी त्याच्या मागोमाग गुडघाभर राड तुडवत गेले, ते काही मैत्रीखातर नव्हे. त्याच्या प्रबंधात काय शिजतंय ते मला बघायचं होतं.

"कुणाला बोलू नकोस हं, टॅम्सिन. लेड्यूकना तर नाहीच नाही."

प्रोफेसर लेड्यूक आमचे मार्गदर्शक. त्यांना व्हिटने वेगळाच विषय सांगून ठेवला होता: जुन्या काळातल्या मुलींची गुणांवरून ठेवलेली नावं. आमच्याकडे पूर्वी मुलींना सहनशीलता, कृतज्ञता, मौन अशी नावं ठेवायचे. एकीच्या आईबापांनी तर तिला 'शरण जा' असंच ठेवलं होतं. व्हिटला असली दोनशे नावं तोंडपाठ आहेत, त्यामुळे दगडावरचा कुठलाही अनोळखी शब्द त्याला नावच वाटतो, आणि घात झाला तो तिथेच.

त्याने ओल्या ब्रशने एक काळा दगड हळूहळू घासला. अक्षरं वर आली. हॅना रेलिक्ट, मिस्टर एसा थॉर्प यांची. पलीकडच्या दगडावर लिडिया रेलिक्ट, कॅप्टन जोएल बिंगम यांची.

"अशा सहा जणी आहेत," तो कुजबुजला, जणू त्या ऐकत होत्या. "सहा वेगवेगळ्या घरांत दिलेल्या. आणि एकीनेही आपलं आडनाव सोडलं नाही! दोनशे वर्षांपूर्वी, या असल्या सोवळ्या गावात! रेलिक्ट घराणं, टॅम्सिन. कुणालाच माहीत नाही."

मला असा ठसका लागला की त्याने माझ्या पाठीवर थाप मारली.

रेलिक्ट हे आडनाव नाही. जुना शब्द आहे. मागे उरलेली. म्हणजे विधवा. पहिल्या वर्षी आम्ही जुनी मृत्युपत्रं वाचली तेव्हा तो शब्द पानोपानी होता, आणि नेमका त्या आठवड्यात व्हिट फ्लूने खोलीत पडून होता. शब्दकोश उघडला असता तरी काम झालं असतं. पण आडनाव कोण शब्दकोशात शोधतं?

"कसं वाटलं?" त्याने विचारलं.

"जबरदस्त," मी म्हणाले. "लिहीच तू."

पुढचे काही आठवडे मी फार सुखात काढले. त्याला विचारायचे, रेलिक्ट मूळचे फ्रेंच असतील का रे? तो दोन दिवस त्याच्यामागे. इतक्या रेलिक्ट मुली, मग रेलिक्ट मुलगे कुठे गेले? तो म्हणाला, समुद्रावर गेले असतील. वर्गातल्या बाकीच्या तिघांनाही मी सांगून टाकलं, आणि जेवणाच्या हॉलमध्ये आम्ही सफरचंदाच्या रसाचे ग्लास उंचावून रेलिक्ट घराण्याच्या नावाने प्यायलो. व्हिटने स्वतः येऊन आमच्यात ग्लास भिडवला. त्याला वाटलं, आम्हाला त्याचं कौतुक आहे.

त्याच्या प्रबंधावरच्या व्याख्यानाच्या दिवशी सकाळी तो माझ्यासमोर ट्रे घेऊन बसला. ते व्याख्यान साधं नव्हतं. बाहेरून परीक्षक येणार, आणि त्यांनी मान डोलावली तरच ऑनर्सची पदवी. व्हिटची पुढच्या शिक्षणाची जागा त्या ऑनर्सवर अडलेली.

"आई येतेय," तो म्हणाला. "मेन राज्यातून, रात्रपाळी करून थेट. तिच्यासाठीच लिहिलंय गं हे. घटस्फोटानंतर तिने स्वतःचं आडनाव परत घेतलं तर आमच्या गावात काय काय बोलले लोक. तिला सांगायचंय मला, तू काही पहिली नाहीस म्हणून."

मी हातातला डोनट खाली ठेवला. इतके दिवस मी एका शहाण्याची फजिती पिकवत होते, आणि त्या फजितीत आता एक थकलेली बाई पहिल्या रांगेत येऊन बसणार होती. मला माझीच लाज वाटली.

"व्हिट, ऐक. रेलिक्ट म्हणजे विधवा."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग खदखदून हसला. "ग्रंथालयाच्या तिसऱ्या तळघरासारखं का?"

तिसरं तळघर नाहीच. पहिल्या सत्रात मी त्याला ते शोधायला पाठवलं होतं आणि तो अर्धा दिवस जिने मोजत फिरला होता.

"शप्पथ, व्हिट! शब्दकोश बघ!"

"आज नाही फसणार," असं म्हणत तो टायची गाठ नीट करत निघून गेला.

व्याख्यान उत्तम झालं, हेच वाईट. व्हिट बोलला छान. हॅनाबद्दल, लिडियाबद्दल असा बोलला की माझ्याही मनात क्षणभर आलं, असेल बाई असं घराणं. त्याची आई चांगला कोट घालून पुढे बसली होती आणि डोळे पुसत होती. लेड्यूक मात्र हळूहळू खुर्चीत खाली सरकत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. परीक्षक डॉ. यूनिस कोलबर्न, सत्तरी ओलांडलेल्या, काठीवर दोन्ही हात आणि हातांवर हनुवटी ठेवून ऐकत होत्या. टाळ्या थांबल्या. त्यांनी घसा खाकरला.

मी ताडकन उभी राहिले.

"चूक माझी आहे! रेलिक्ट हे आडनाव आहे असं मीच त्याला सांगितलं. थट्टा म्हणून. त्याचा अर्थ विधवा. त्याचा काही दोष नाही."

आणि व्हिटने हात वर केला.

"माफ करा, पण हे बरोबर नाही," तो म्हणाला. "टॅम्सिनने काहीच सांगितलं नव्हतं. शोध माझाच आहे. तिने उलट आज सकाळी मला..."

तिथे तो थांबला. मी जन्मात कुणाचा चेहरा इतका भरभर उतरताना पाहिला नाही. मूर्ख मुलगा! वाचवायला आलेल्या माणसालाही दुरुस्त केल्याशिवाय राहवेना.

आणि मग डॉ. कोलबर्न हसू लागल्या. आधी खांदे हलले, मग काठी खाली पडली. "चाळीस वर्षं मी हा शब्द वाचतेय," त्या डोळे टिपत म्हणाल्या, "आणि मागच्या ऑक्टोबरपासून मी स्वतःच ती आहे. पण हा शब्द इतका ऐटबाज ऐकू येतो हे आज कळलं. बरं, पोरा. मग त्या बायकांची खरी आडनावं काय?"

व्हिटने ओठ ओले केले. "थॉर्प... बिंगम..."

"ती नवऱ्यांची. त्यांची कुठली? माहेरची?"

"दगडांवर नाहीत."

"दगडांवर असती तर तुला इतिहास शिकवायला एवढी माणसं कशाला ठेवली असती? ऑनर्सचं मी आज काही बोलत नाही. ऑगस्टमध्ये सहा नावं घेऊन ये, मग बोलू. आणि या खोटारड्या पोरीला बरोबर घे. चिखलात उतरायची सवय दिसतेय तिला."

माझा उन्हाळा गेला, आणि मला अजिबात वाईट वाटलं नाही. व्हिटची आई हसत होती. व्हिटने खिशातून पेन काढलं, आपल्याच व्याख्यानाचं शेवटचं पान उलटं केलं आणि कान लाल झालेले असताना विचारलं, "आणि तुमचं, मॅडम?"

"माझं काय?"

"माहेरचं नाव."

डॉ. कोलबर्न यांची अकरा पुस्तकं आमच्या ग्रंथालयात आहेत, सगळ्यांवर कोलबर्न. त्यांनी व्हिटकडे रोखून पाहिलं. मला वाटलं, रागावल्या.

"पेटिबोन," त्या म्हणाल्या. मग जरा मोठ्याने, "यूनिस पेटिबोन."

व्हिट लिहू लागला. त्या काठीशिवायच उठून त्याच्या कागदावर वाकल्या.

"त्यात टी दोन आहेत," त्या म्हणाल्या. "नीट लिही."