खुर्चीमागचा नाच

आमचे हे केस कापतात. कोपऱ्यावर दुकान आहे: एक खुर्ची, एक आरसा आणि अखंड बडबड. गिऱ्हाईक खुर्चीत टेकलं की हे त्याच्या गळ्याभोवती कापड बांधतात आणि विचारतात, "बोला, काय विशेष?" मग मुखदुर्बळातला मुखदुर्बळ माणूसही बोलायला लागतो. कुणाचं जावयाशी बिनसलंय, कुणाचा गुडघा कुठल्या तेलानं दुखायचा थांबला, सगळं यांना ठाऊक. आणि घरी आले की तोंडाला कुलूप. जेवायचं, "मीठ बरोबर आहे" म्हणायचं आणि आडवं व्हायचं. लेक घरात होती तोवर हे जाणवलं नाही, कारण तिघांच्या वाटचं तीच बोलायची. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली आणि मला फ्रीजच्या घुरघुरीची सोबत वाटायला लागली.

मी लाँड्रीत इस्त्री करते. लाँड्रीच्या वरच्या हॉलमध्ये नाचाचा वर्ग निघाला, जोडीनं नाचायचा, अगदी नवख्यांसाठी. मी यांना न विचारता दोघांची नावं देऊन आले. नाचाची हौस वगैरे काही नव्हती, खरं सांगते. आठवड्यातून दोन संध्याकाळी या माणसानं माझा हात धरून माझ्या तोंडाकडे बघावं, चार शब्द बोलावेत, एवढंच हवं होतं. या वयात तसं मागायची लाज वाटते, म्हणून नाच.

"जाऊ की," हे म्हणाले आणि माझा जीव भांड्यात पडला. पहिल्याच दिवशी तो पुन्हा बाहेर आला.

शिकवणारी पोरगी आमच्या लेकीच्या वयाची. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. नाच सोपाच होता. पुरुषानं दोन पावलं पुढे यायचं, बाईनं दोन मागे जायचं, मग दोघांनी बाजूला सरकायचं, मग परत, आणि शेवटी बाईची गिरकी. पण माझ्यासमोर उभे राहिले की यांचे पाय सगळं विसरायचे. डोळे माझ्या डोक्यावरून पलीकडे काहीतरी शोधत असायचे. सरकता सरकता हे माझ्या खांद्याला वळसा घालायचे, आणि गिरकी संपवून मी बघते तर हे माझ्या पाठीमागे. एकदा तर भर वर्गात दोन बोटांनी माझी कानशिलं धरली, डोकं सरळ केलं आणि मान जराशी खाली दाबली. सगळे खो खो हसले.

"अहो, नाचायला आलोय आपण! हजामतीला नाही!" मी ओरडले.

"इथली फरशी जरा तिरकी वाटते," हे म्हणाले.

"वाटणारच. नाचता येईना, अंगण वाकडं."

वर्गाला जाताना रस्त्यात मी यांच्याकडून पावलं म्हणून घ्यायचे. पुढे, पुढे, बाजूला. तोंडपाठ होती सगळी. वर्गात उभे राहिले की पालथ्या घड्यावर पाणी.

वर्गात एक घड्याळजी होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, म्हणून मास्तरीणबाईच त्यांची जोडीदार व्हायची. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस तो, त्याचं पाऊल कधी मागे पडणार नाही की पुढे. वर्गाच्या शेवटी घरच्या माणसांसमोर छोटासा कार्यक्रम ठरला. आमची लेकही त्यासाठी येणार होती. त्या दिवशी मास्तरीणबाईला गाणी सांभाळायची होती, म्हणून ती हळूच मला म्हणाली, "काकू, तुम्ही घड्याळजींबरोबर नाचाल का? काकांना अजून थोडा वेळ लागतोय."

मी तोंड उघडायच्या आत हेच म्हणाले, "अगदी बरोबर. हिला छान जमतंय. माझ्यापायी कशाला बिघडवायचं? मी खुर्चीत बसून टाळ्या वाजवीन."

मला असा राग आला म्हणता! घड्याळजींचा नाही, ते बिचारे गरीब गाय. राग आला तो यांनी माझा हात इतक्या सहज सोडला म्हणून. घराचं दार लावल्यावर मी यांना सांगितलं, "नाचले तर तुमच्याबरोबर. नाहीतर दोघंही खुर्चीत बसू. लेकीला काय सांगायचं ते तुम्ही सांगा." हे काही बोलले नाहीत. बोलतील कसे, मी गिऱ्हाईक थोडीच होते.

दुकानाचे टॉवेल मीच इस्त्री करून देते. सुट्टीच्या दिवशी दुपारी मी ते ठेवायला गेले, तर दुकानाचं शटर अर्धं खाली आणि आतून यांचा आवाज. वाटलं, अडीनडीला कुणी आलं असेल. वाकून बघितलं.

चाकांची ती खुर्ची रिकामी होती. हे तिच्या पाठीमागे उभे, दोन्ही हात तिच्या पाठीवर, नजर आरशात. दोन पावलं पुढे, बाजूला, परत मागे, आणि मग खुर्चीला अशी अलगद गिरकी की चाकसुद्धा करकरलं नाही. एक पाऊल चुकत नव्हतं. आणि तोंड चालू होतं. "लेकीच्या खोलीतला दिवा मी मुद्दाम लावतो हं संध्याकाळी. तुला वाटतं, मी विसरतो बंद करायला." पुढे, पुढे, बाजूला. "परवा भाजी फक्कड झाली होती. सांगायचं राहिलं."

मी टॉवेल छातीशी धरून तशीच उभी राहिले. जन्मभर हा माणूस लोकांना पाठीमागून हात लावत आला आणि आरशात बघून त्यांच्याशी बोलत आला. समोरासमोर उभं राहायची त्याला सवयच नव्हती, आणि मी त्याला नेमकं तेच करायला लावत होते. खुर्चीचा हेवा वाटला मला. लाकडा-लोखंडाचा हेवा! टॉवेल पायरीवर ठेवून मी गुपचूप निघून आले.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला होता. लेक पुढच्याच रांगेत. गाणं सुरू झालं, बाकीच्या जोड्या हलल्या आणि माझ्यासमोर हे जागच्या जागी थिजले. माझ्या हातातला हात गार पडलेला.

"काही आठवत नाही गं," हे पुटपुटले. "ते बघ, घड्याळजी रिकामेच बसलेत. जा तू."

आता माझी पाळी होती. मी यांचा हात सोडला, वळले आणि यांच्याकडे पाठ करून ताठ उभी राहिले. समोर खिडकीच्या मोठ्या काचा होत्या. बाहेर दिवेलागण झाली होती, त्यामुळे त्यांत आम्ही दोघं स्वच्छ दिसत होतो.

"अहो," मी म्हटलं, "गिऱ्हाईक बसलंय. सुरू करा."

मग माझ्या खांद्यांवर दोन हात आले. दोन बोटांनी माझं डोकं सरळ केलं. या वेळी मी ओरडले नाही. आणि यांचं पाऊल पडलं, दोन पुढे, मग बाजूला, सगळं जिथल्या तिथे. पंचाईत आता माझी झाली, कारण मी मागे जायला शिकलेली आणि आता मला पुढे जायचं होतं. धडपडत निघाले. लेक हसत होती आणि डोळेही पुसत होती. मास्तरीणबाईनं कपाळाला हात लावला, मग ती टाळ्या वाजवायला लागली.

काचेत यांनी माझ्याकडे बघितलं. थेट माझ्याकडे. चेहऱ्यावर ती दुकानातली खुशी होती, जी मी नेहमी रस्त्यावरून, दुसऱ्याच कुणासाठी असलेली बघितली होती. मग माझ्या कानाशी आवाज आला, "बोला, काय विशेष?"

किती वर्षांचं सांगायचं साठलं होतं माझ्याकडे. एक शब्द फुटेना. आणि पावलं तर मी साफ विसरले.